कोयनेच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल: काठ सोडा, सडा धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तिघे मित्र डिसेंबरात तीन दिवस काढून येणार आहात. महाबळेश्वरहून कोयनानगरपर्यंत नदीच्या काठाकाठाने, जंगलातून ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यासाठीची, जाड टायरची सायकल) जायचंय. नकाशात पश्चिमेच्या काठाने एक तुटक रेष दिसते. टायर ३८ मिमीचे आहेत, थोडं सामान सोबत असेल. जमेल का?

ती तुटक रेष आधी मनातून काढून टाका. तुमचे टायर किंवा तुमचा दम कमी पडेल म्हणून नव्हे. तुम्हाला हवा आहे तसा काठ तिथे उरलेलाच नाही.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या धारेला समांतर साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. यातला दक्षिणेला जाणारा बहुतेक भाग आज शिवसागर जलाशय आहे. धरणाची उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी. साठच्या दशकात पाणी चढलं तेव्हा तळातली गावं, खाचरं आणि काठाकाठाने जाणाऱ्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. आता पाण्याला लागून आहे तो थेट डोंगराचा उतार. शिवाय वरून येणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या जागी पाण्याचा एकेक फाटा आत घुसलेला आहे. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण तिथे रस्त्याने जायचं तर अख्खी सोंड वळसा घालून जावं लागतं. नकाशातल्या तुटक रेषा या गावकऱ्यांच्या पायवाटा आहेत, आणि काही तर सरळ पाण्यात जाऊन संपतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. जलाशयाच्या पश्चिमेचं दाट जंगल म्हणजे १९८५ सालचं कोयना अभयारण्य. २०१० पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. वासोटा किल्ल्यासाठी बामणोलीला परवाना मिळतो, पण तो बोटीने पलीकडे उतरून पायी चढण्याचा. सायकल घेऊन त्या काठाने फिरण्याचा रस्ता नाही आणि तो शोधूही नये. गवा आणि अस्वल यांना माणसापासून मोकळी राहिलेली फार थोडी जागा आहे, त्यातली ही एक.

म्हणून प्रश्न जरा वेगळा मांडू या. हे खोरं सायकलवरून नीट बघायचं, जमेल तितकं कच्च्या रस्त्याने, आणि कुणाच्या हद्दीत न घुसता. याचं उत्तर मी नेहमी एकाच पद्धतीने काढतो: वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून चालवा, पाण्यापर्यंत एकदाच उतरा, पाणी बोटीने पार करा, आणि एकदाच चढून बाहेर पडा. या भागात अंतराचा हिशेब दुय्यम. उंची किती वेळा गमावली आणि किती वेळा परत कमावली, यावर दिवस ठरतो. जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटर असते. कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १३५० च्या वर. म्हणजे एकदा खाली जाऊन वर यायचं तर पाचशे ते सातशे मीटरचा चढ आलाच. नकाशात "जरा खाली जाऊन येऊ" वाटणारा दहा किलोमीटरचा फाटा अर्धा दिवस खातो.

तीन दिवस असतील तर सातारा मुक्कामाचं ठाणं धरा, महाबळेश्वर नको.

पहिल्या दिवशी सामान साताऱ्यातच ठेवा आणि हलक्या सायकलने बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागा. ठोसेघर, तिथून चाळकेवाडी, पुढे वनकुसवडेचं पठार. साताऱ्याहून वनकुसवडे साधारण ४० किलोमीटर आणि उंची ११५० मीटरच्या घरात. खरं ग्रॅव्हल इथे आहे, पवनचक्क्यांच्या रस्त्यांवर. हे रस्ते सायकलला इतके का जमतात, त्याला कारण आहे. पवनचक्कीचं पातं आणि मनोऱ्याचे तुकडे लांबलचक ट्रेलरवरून वर न्यावे लागतात. ट्रेलरला तीव्र चढ आणि आखूड वळण चालत नाही. त्यामुळे रस्ता रुंद, चढ बेताचा, वळणं मोठी आणि पृष्ठभाग मुरूम दाबलेला. एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारे फाटे मात्र बरेचदा पुढे जाऊन संपतात, म्हणून मुख्य रस्ता कुठला हे आधी उपग्रहचित्रावर बघून ट्रॅक फोनमध्ये उतरवून घ्या. पठाराच्या पश्चिमेच्या कडेला उभं राहिलं की शिवसागराचे फाटे आणि पलीकडचं जंगल एका नजरेत येतं. तुम्ही काठावरून जे बघायला निघाला होतात ते इथून जास्त दिसतं.

हे रस्ते कंपन्यांच्या देखभालीचे आहेत. फाटक असेल तर तिथल्या वॉचमनला विचारा, तो नाही म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाजवळ सायकल टेकवू नका. वनखात्याची पाटी दिसली की तिथेच थांबायचं, कडा दोनशे मीटरवर असला तरी. सगळे दमदार असाल तर याच पठारावरून पाटणकडे उतरता येतं, पण मग तुम्ही सामानापासून लांब आणि कराड-चिपळूण महामार्गावर जाऊन पडता. पहिल्याच दिवशी ते करू नका. गेलात तसे परत या.

दुसऱ्या दिवशी सामान बांधून यवतेश्वरचा घाट चढा आणि कासला जा. सातारा साधारण ७४० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास साडेचारशे मीटरचा चढ, सगळा डांबरी. कासवर रस्ता सोडून सड्यावर चाक घालायचं नाही, हे कळकळीने सांगतो. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, पण मुद्दा त्या यादीचा नाही. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम काही इंचांची असते आणि सप्टेंबरात फुलणाऱ्या वनस्पतींचं बी-कंद त्याच थरात झोपलेले असतात. डिसेंबरात तिथे नुसतं वाळलेलं गवत दिसतं आणि "इथे काय बिघडणार" असं वाटतं. टायरची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीने वाहतं आणि माती घेऊन जातं.

कासवरून बामणोलीचा उतार पाचशे मीटरच्या वर आहे. हाही बहुतेक डांबरी, पण मधे उखडलेला. बामणोलीहून बोटीने तापोळा. खाली त्रिवेणी संगम आहे, कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन खोऱ्यांचं पाणी तिथे एकत्र येतं, आणि बोट त्याच पाण्यावरून जाते. तापोळ्याला मुक्काम. तिसऱ्या दिवशी तापोळा ते महाबळेश्वर, साधारण २५ ते २८ किलोमीटर आणि जवळपास सातशे मीटरचा चढ, दाट झाडीतून. सरासरी काढली तर चढ तीन टक्क्यांच्या आतच येतो, पण त्या आकड्यावर विसंबू नका. सुरुवातीला रस्ता वरखाली होतो आणि खरी उंची मोजक्या वळणांत गाठावी लागते. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून मेढ्यामार्गे सातारा, साधारण ५५ किलोमीटर, बराचसा उतार.

तीन दिवसांत डांबर जास्त आणि कच्चं कमी येईल, हे आधीच सांगून ठेवतो. शंभर टक्के ग्रॅव्हलचा हट्ट धरला की माणसं अभयारण्यात तरी शिरतात किंवा पायवाटेवर सायकल खांद्यावर घेऊन चार तास चालतात. कोयनानगर या फेरीतून वगळलं आहे, कारण तिकडे जायला कराड-चिपळूण महामार्गच पकडावा लागतो आणि त्यावर अवजड वाहनं फार.

आता जमीन. इथे चार प्रकारचे पृष्ठभाग भेटतात आणि चारही वेगळे वागतात.

जांभा लांबून सपाट फरशीसारखा दिसतो. जवळून बघा: वाटाण्याएवढ्या ते बोराएवढ्या भोकांची चाळण, आणि दोन भोकांमधल्या कडा वाळल्या की खरवडणीसारख्या. टायरच्या मधल्या जाड भागाला त्या काही करत नाहीत, साइडवॉल, म्हणजे टायरची पातळ बाजू, मात्र कापतात. म्हणून जांभ्यावर चाक तिरकं घासत न्यायचं नाही. उंचवटा आला तर त्याला समोरून काटकोनात भिडा, कडेने निसटायला जाऊ नका. ओल्या जांभ्यावर शेवाळ असेल तर उतरून चाला, तिथे कुठलाही टायर पकड धरत नाही.

दाबलेला मुरूम हा सगळ्यात सुखाचा. फक्त अवजड गाड्यांनी त्यावर आडव्या लाटा उठतात. त्या रस्त्याच्या मधोमध जास्त असतात, कडेच्या दीड फुटात कमी.

तिसरा, खडीकरण झालेला पण डांबरीकरण न झालेला रस्ता. तालुक्यात कुठे ना कुठे हे काम चालूच असतं. चाळीस एमएमची टोकदार खडी रोलर न फिरवता पसरलेली असेल तर ३८ मिमीच्या टायरने चालवायचा प्रयत्न सोडा. खडी चाकाखालून उडून डिरेल्युअरवर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बसते, तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो, आणि पुढच्या चढावर सर्वात हलका गिअर टाकताच डिरेल्युअर आऱ्यांत अडकतो. इथल्या बिघाडांमध्ये पंक्चरनंतर याचाच नंबर. तुमच्या फ्रेमचा नेमका हँगर एक जादा सोबत ठेवा. तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, साताऱ्यातल्या दुकानात मिळेलच असं धरून चालू नका. बदलायला चार-पाच मिमीची अॅलन की पुरते आणि दहा मिनिटं लागतात.

चौथा, जलाशयाचा गाळ. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं, त्यामुळे फारसा त्रास नाही. मार्चनंतर पाणी मागे सरकतं, लोक त्या जमिनीवर गाळपेर करतात, आणि बोटीचा धक्का कोरडा पडून बोट शेदोनशे मीटर खाली लागते. वरून भेगाळलेला, टणक दिसणारा गाळ आत ओला असतो. सायकल ढकलत नेलीत तर चाक आणि फ्रेममधली फट भरून चाक फिरायचं थांबतं. उचलून न्या, आणि क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट असतील तर काढून अनवाणी जा. क्लीटमध्ये बसलेला गाळ वाळला की खिळ्याने कोरून काढावा लागतो.

टायरबद्दल. ३८ मिमी चालेल, पण तुमच्या फ्रेममध्ये ४२ किंवा ४५ बसत असतील तर तेच घाला. बसतात का हे बघताना टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान पाच-सहा मिमी फट उरायला हवी, नाहीतर चिकटलेला मुरूम फ्रेमचा रंग आणि मग कार्बन खरवडतो. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ६० ते ८० मिली सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव). आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत आटतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात व्हॉल्व्हची कोअर काढून काडी घालून बघा आणि कोरडं असेल तर नव्याने भरा.

हवेचा दाब वजनावर आणि रिमवर अवलंबून आहे, म्हणून सुरुवातीचे आकडे देतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो असेल तर ३८ मिमी ट्यूबलेसमध्ये मुरमावर पुढे ३५, मागे ३९ पीएसआय. ४५ मिमीमध्ये पुढे २८, मागे ३१. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच वाढवा, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून सापचाव्याचं पंक्चर होतं. रिमवर दगड आपटल्याचा आवाज आला तर दोन पीएसआय भरा. हाताला सतत झिणझिण्या येत असतील तर दोन काढा. डांबराच्या लांब पट्ट्यासाठी पुन्हा भरत बसू नका, तीन-चार पीएसआयने वाचणारा वेळ पंप काढण्यात जातो. साइडवॉल कापली गेली तर सीलंट आणि प्लग पुरत नाहीत. जुन्या टायरचा पाच बाय आठ सेंटिमीटरचा तुकडा जवळ ठेवा, तो आतून लावून ट्यूब घाला. तिघांत मिळून दोन ट्यूब, दोन तुकडे.

गिअरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, आणि माझ्या मते या फेरीत टायरपेक्षा तेच महत्त्वाचं आहे. पुढची सर्वात लहान चकती ३० दातांची आणि मागची सर्वात मोठी ३४ दातांची असेल तर मिनिटाला ६० पेडल मारताना वेग सुमारे सात किलोमीटर पडतो. दहा टक्क्यांच्या चढावर भरलेली सायकल ओढायला तो रास्त आहे. रोड सायकलचं ३४-२८ असेल तर त्याच लयीत साडेनऊच्या वर वेग ठेवावा लागतो, म्हणजे तितकंच जास्त बळ. नाही झेपलं की लय चाळीसवर येते, गुडघे दुखतात आणि मागचं चाक सुट्या मुरमावर घसरतं. एकच चकती असेल तर ४० पुढे आणि ४२ मागे चालून जाईल.

ब्रेक डिस्कच हवेत. बामणोलीच्या उतारावर सतत दाबून धरू नका. वळणाआधी जोरात दाबा, वेग पाडा, मग पूर्ण सोडा. सतत घासत ठेवलं तर पॅड चकाकतात, आवाज करतात आणि पकड जाते. रेझिनचे पॅड लाल चिखलात फार लवकर झिजतात. डिसेंबरात कोरडं असतं, त्यामुळे चालतील, तरी एक जोडी जवळ असू द्या. साखळीला पातळ, कोरड्या हवामानाचं तेल. रोज संध्याकाळी आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच तेल लावा. लाल धुळीवर तेल टाकलं की त्याची पॉलिशची लुगदी होते आणि साखळी आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) दोन्ही खाते.

पाणी. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाणी कशाला न्यायचं, असं वाटतं. पण जांभा सच्छिद्र, पाणी खाली मुरून उताराच्या पोटात झऱ्यांवाटे निघतं. दिवाळीनंतर वरचा सडा कोरडा ठणठणीत असतो. पहिल्या दिवशी ठोसेघरच्या पुढे माणशी तीन लिटर असायलाच हवं. गावातल्या पाणवठ्यावर भरायचं तर विचारून भरा आणि भांडी-हात तिथे धुऊ नका, उन्हाळ्यात त्याच झऱ्यावर गाव चालतं.

वेळेचंही तसंच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्यात सावली त्याच्या बरीच आधी येते. साडेचारला मुक्कामाच्या जागी असाल असं गणित मांडा. गवे आणि अस्वलं बहुतेक संधिप्रकाशात रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, शेपन्नास मीटर अंतर ठेवून तो आपणहून जाईपर्यंत वाट बघा. कळप रस्ता ओलांडत असेल तर "शेवटचा गेला" असं वाटल्यावरही पाच मिनिटं थांबा, पिल्लू मागे राहिलेलं असू शकतं. वस्तीतली कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मधे धरून चाला, पळालात तर ती पाठलाग करतात.

महिन्यावरही बरंच अवलंबून आहे. डिसेंबर चांगला, नोव्हेंबर त्याहून चांगला, कारण हिरवळ असते आणि धूळ कमी. सप्टेंबरात कासवर गर्दी आणि वाहनांवर निर्बंध. मार्चनंतर वणव्याची राख आणि धुरकट हवा. पावसाळ्यात पठारावर धुकं, वारा आणि जळवा. तेव्हा हा बेत नकोच.

राहिला बोटीचा प्रश्न, आणि तुमचा दुसरा दिवस त्याच्यावरच टांगलेला आहे. बोटी प्रवाशांसाठी असतात. सायकल घेणं हे बोटवाल्याच्या मर्जीवर, गर्दीवर आणि वाऱ्यावर. आदल्या दिवशी साताऱ्यातूनच फोन करून तीन सायकली आहेत हे स्पष्ट सांगा आणि पैसे ठरवा. शनिवार-रविवार टाळा, वासोट्याला जाणाऱ्यांची रांग असते. बोटीत सायकल आडवी ठेवायची तर साखळीची बाजू वर. पेडलला मोजे गुंडाळा म्हणजे बोटीचा रंग आणि शेजारच्या सायकलचे आरे वाचतील. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येत असलं तरी.

आणि कासला पोहोचलात की उतरायच्या आधी तिथूनच पुन्हा एकदा फोन करा. खाली खोऱ्यात नेटवर्क येतं-जातं. बोट मिळणार नाही असं कासवर कळलं तर तिथून डोंगरधारेने महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता आहे, तिकडे त्याला राजमार्ग म्हणतात. उंची न गमावता तुम्ही वरच्या वर निघून जाल. तेच बामणोलीला पोहोचल्यावर कळलं तर दुपारच्या उन्हात सामानासकट पाचशे मीटर परत चढायचे.

तिघांच्याही कॅसेटचे दात आणि सामान कशात बांधणार आहात ते लिहा. एकाचीही मागची सर्वात मोठी चकती २८ दातांच्या आसपास असेल तर निघण्याआधी कॅसेट आणि साखळी दोन्ही बदलावी लागतील, आणि डिरेल्युअर ३४ पेलतो का तेही बघावं लागेल.